वेशी बंद करताना डॉक्टरांना कोण विचारतं?

साथीच्या काळात सीमा बंद होतात, तेव्हा त्या निर्णयात वैद्यकीय सल्ल्याचा वाटा किती असतो, याबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतली चार इथे घेते.

प्रश्न : २०२० च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना ‘प्रवासबंदी नको’ म्हणत होती. नंतर सगळ्या जगानं दारं लावून घेतली. मग चुकलं कोण, संघटना की सरकारं? (निवृत्त शिक्षिका, कोथरूड)

बाई, थोडं मागे जाऊ. तुम्हाला १९९४ आठवत असेल. बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीचा प्लेग आढळला आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगनं हाहाकार उडाला. प्रवासबंदीची गरज नाही असं संघटना सांगत असतानाही काही देशांनी भारताची विमानं थांबवली, आपला माल नाकारला. रोगापेक्षा बंदीचा फटका मोठा बसला. अशा अनुभवातून सरकारं एकच गोष्ट शिकतात : रोग सापडला तरी बोलायचं नाही. ही लपवालपवी टाळण्यासाठी २००५ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम झाले. संघटनेच्या शिफारशीहून कडक उपाय करायला त्यांत मुभा आहे. मात्र वाहतूक लक्षणीय अडवणारा उपाय केला, तर त्यामागचं आरोग्याचं कारण ४८ तासांत संघटनेला कळवायचं आणि तीन महिन्यांत फेरविचार करायचा, असं कलम ४३ सांगतं. नाही कळवलं तर दंड मात्र काही नाही.

३० जानेवारी २०२० ला संघटनेनं जागतिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि प्रवासबंदीची शिफारस केली नाही, ती या इतिहासामुळे. त्याच दिवशी केरळात देशातला पहिला रुग्ण नक्की झाला. त्याचा नमुना तपासला होता आपल्या पुण्यात, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत.

माझं मत विचाराल, तर तो सल्ला जुन्या रोगांवर बेतलेला होता. कोविड लक्षणं दिसण्याआधीच पसरत होता. वुहानचे रस्ते २३ जानेवारीला बंद झाले. नंतरच्या एका गणिती अभ्यासानुसार त्यामुळे चीनमधली साथ जेमतेम तीन ते पाच दिवस लांबली, पण चीनमधून बाहेरच्या देशांत जाणारे रुग्ण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सुमारे ८० टक्क्यांनी घटले. म्हणजे बंदीनं साथ थांबत नाही, थोडे दिवस हाती लागतात. त्या दिवसांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, खाटा वाढल्या, तर बंदीचं चीज झालं. सल्ला देणाऱ्यानं ‘बंद करा’ किंवा ‘करू नका’ एवढंच सांगून भागत नाही. किती दिवस मिळतील आणि त्यांत काय करायचं, हेही लिहून द्यायला हवं.

दक्षिण आफ्रिकेवर मात्र अन्यायच झाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी २४ नोव्हेंबर २०२१ ला ओमायक्रॉनची माहिती प्रामाणिकपणे दिली आणि दोन दिवसांत त्यांचीच विमानं अनेक देशांनी बंद केली. डिसेंबरच्या सुरुवातीला पिंपरी-चिंचवडमध्ये ओमायक्रॉन सापडला, तो नायजेरियाहून आलेल्या कुटुंबात. पुढच्या वेळी एखादा देश चार दिवस गप्प राहिला, तर त्याला दोष कोणत्या तोंडानं देणार?

प्रश्न : माझी मुलगी ऑस्ट्रेलियाची नागरिक आहे. मे २०२१ मध्ये ती पुण्यात अडकली होती, परत गेली तर तुरुंग असं ऐकून घाबरून गेली होती. हाही डॉक्टरांचाच सल्ला होता का? (पिंपळे सौदागर)

सल्ला होता, पण तो पूर्ण वाचण्यासारखा आहे. विलगीकरण केंद्रांत भारतातून आलेल्या बाधितांचं प्रमाण फार वाढलंय, त्यामुळे भारतातून येणाऱ्यांना काही काळ थांबवणं योग्य ठरेल, असं तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ३० एप्रिलला आरोग्यमंत्र्यांना लिहिलं. अडकलेल्या नागरिकांना गंभीर आजार होऊ शकतो, उपचार मिळणार नाहीत, काहींचा जीवही जाऊ शकतो, हेही त्याच पत्रात होतं. बंदीला १५ मे ही मुदत होती. पाच वर्षांपर्यंतची कैद होती जैवसुरक्षा कायद्यात, आणि तो कायदा वापरायचं ठरवलं मंत्र्यांनी. न्यायालयानं हुकूम कायदेशीर ठरवला.

मला त्या पत्राबद्दल आदर आहे, निर्णयाबद्दल नाही. डॉक्टरनं दोन्ही पारडी समोर ठेवली. पण स्वतःच्या नागरिकाला घरी येण्यासाठी तुरुंगाची भीती घालणं कुठल्याही आरोग्यशास्त्रात बसत नाही. जागा कमी पडत असेल, तर विलगीकरणाची जागा वाढवायची असते. तुमच्या मुलीनं ते दिवस कसे काढले असतील, याची कल्पना मला आहे.

प्रश्न : आपल्याकडे जिल्हाबंदी होती, ई-पास होते, नाक्यानाक्यावर कपाळाला बंदूक लावत. त्यानं खरंच काही झालं का? (भोर)

मे २०२० मध्ये मी स्वतः एका जिल्ह्याच्या हद्दीवर ड्युटी केली आहे. मंडपाखाली टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक थर्मल गन. दुपारी एकच्या उन्हातून दुचाकीवर आलेल्या माणसाच्या कपाळावर ती धरली की ३९ दाखवायची. त्यालाच सावलीत दहा मिनिटं बसवून पाणी पाजलं की ३६.५. एसी गाडीतल्या माणसाला ताप असला तरी आकडा ३५. गन कातडीचं ऊन मोजत होती. वहीत मी दोन्ही आकडे लिहून ठेवायचे.

एके दिवशी डायलिसिस करून परतणारं जोडपं आलं. पासवर चालकाचं आणि पेशंटचं नाव होतं, बायकोचं नव्हतं. ती माऊली गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला उभी, नवरा मागच्या सीटवर आडवा. फोनाफोनीत पाऊण तास गेला. तिला अडवावं, असं कुठल्याही डॉक्टरनं कधी सांगितलं नव्हतं. पण मंडपावर फलक होता ‘वैद्यकीय पथक’, आणि पासमध्ये नाव घालायचा अधिकार त्या पथकाला नव्हता. तो पाऊण तास मी विसरलेली नाही.

केरळ-कर्नाटक सीमेवरच्या कासरगोडला तर याहून वाईट घडलं. मार्च २०२० च्या अखेरीस कर्नाटकनं रस्ते अडवल्यानं मंगळूरच्या दवाखान्यांत जाणारे रुग्ण हद्दीवरच खोळंबले, काही दगावले. अखेर केरळ उच्च न्यायालयाला वाट मोकळी करण्याचा आदेश द्यावा लागला. वास्तविक आंतरराज्य विलगीकरण हा विषय घटनेनं राज्यांच्या नव्हे, केंद्र सरकारच्या यादीत घातलाय, ८१ व्या नोंदीत.

तेव्हा नाक्यावर डॉक्टर ठेवायचाच असेल, तर ‘या रुग्णाला सोडा’ म्हणायचा अधिकार त्याला लेखी द्या.

प्रश्न : भाऊ केनियाला चाललाय. पिवळ्या तापाची लस नसेल, तर परतल्यावर सहा दिवस ठेवून घेतात म्हणे. भारतात तो रोगच नाही, मग हा हट्ट कशाला? (हडपसर)

रोग इथे नाही, म्हणूनच. तो पसरवणारा एडिस डास, आपला डेंग्यूवालाच, पुण्यात कुंड्यांखालच्या ताटल्यांत सुखानं वाढतो. विषाणू एकदा आत आला की पुढची सोय तयार आहे. सहा दिवसही कुणाच्या मनातले नाहीत. डास चावल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात, म्हणून सहा. ज्याच्याकडे लसीचं प्रमाणपत्र आहे, त्याला कुणी अडवत नाही. सीमेवरचा नियम असा असावा : ज्याला अडवलं, त्याला कारण दोन वाक्यांत सांगता यावं.

भावाला सांगा, लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, म्हणजे पिवळं कार्ड, अर्थात लसीचं प्रमाणपत्र, मिळतं. प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा तिकिटाच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबू नका. एकदा घेतलेली लस २०१६ पासून आयुष्यभर ग्राह्य धरतात. अंड्याची ॲलर्जी असेल, तर टोचण्याआधी तिथल्या डॉक्टरांना सांगायला विसरू नका.