मनी जेवेनाशी झाली

प्रश्न: आमची मनी १५ वर्षांची आहे. कालपासून पलंगाखालून बाहेर येत नाही, खाणं बंद, पाणी मात्र सारखं पिते. वय झालंय, चार दिवस वाट पाहू का?

उत्तर: नाही, आजच दवाखान्यात न्या. ‘वय झालंय’ हे काही निदान नव्हे. मला त्या शब्दांचा रागच येतो. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठू लागते, त्यात ते जाड असेल तर धोका जास्त. या वयात फार पाणी पिण्यामागे बहुधा मूत्रपिंडं, मधुमेह नाहीतर थायरॉईड असतं. रक्त-लघवी तपासली की उलगडा होईल. रक्तदाबही मोजायला सांगा, तो हमखास राहून जातो.

तोवर घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, अर्ध्या गोळीनेही मांजर दगावू शकतं. बळेच पाणी ओतलंत तर ते श्वासनलिकेत जाईल. खाणं कोमट करून वास येऊ द्या, शी-शूची पेटी पलंगाजवळ सरकवा. तोंड उघडून धापा टाकू लागली किंवा मागचे पाय एकाएकी लुळे पडले, तर मध्यरात्र असली तरी निघा.