भूतानला जाताना तारीख नव्हे, उंची बघा

प्रश्न : मार्चअखेरीस आई-वडिलांना घेऊन फुंत्शोलिंग, थिंफू, पुनाखा, पारो असा दौरा ठरवला आहे. मोबाइलवर थिंफूचं तापमान बघून कपडे भरले तर चालतील ना? (कोल्हापूर)

उत्तर : नाही चालणार. थिंफूचा आकडा थिंफूपुरताच. ढोबळ हिशेब असा, की हजार मीटर चढलं की पारा सुमारे ६ अंशांनी उतरतो. भारताच्या सीमेवरचं फुंत्शोलिंग साधारण ३०० मीटरवर, थिंफू २३००, थिंफू-पुनाखा वाटेवरची दोचुला खिंड ३१०० आणि पुनाखा १२०० मीटरवर. म्हणजे थिंफूत दुपारी १६ अंश असतील, तर दोचुलाला ११ च्या आसपास आणि खिंड उतरून पुनाख्यात पोचलात की २२-२३. खिंडीत वारा असला तर ११ अंशही बोचतात.

त्यामुळे एकच जाडजूड जॅकेट नेऊ नका. आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट, म्हणजे उतरत जाल तसं एकेक काढता येतं. बहुतेकांची फजिती होते ती कपडे नसल्याने नव्हे, तर बॅगा गाडीच्या टपावर बांधलेल्या असल्याने. फोटोसाठी मंडळी नुसत्या शर्टावर खिंडीत उतरतात. आई-वडिलांच्या कानटोप्या हातातल्या पिशवीतच असू द्या.

हा हिशेब हिवाळ्यातल्या पहाटे मात्र फसतो. रात्री थंड, जड हवा उतारांवरून घरंगळत खोऱ्याच्या तळाशी साचते. मग पारोत नदीकाठचं हॉटेल वरच्या उतारावरल्या हॉटेलापेक्षा गार निघू शकतं.

प्रश्न : पारोची विमानं बहुतेक सकाळचीच का? (ठाणे)

उत्तर : वाऱ्यामुळे. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, त्यांच्यालगतची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला खालून खोऱ्यात वारा घुसतो. दुपारनंतर तो जोर धरतो. शिवाय डोंगरांमधून वळणं घेत वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी बघूनच उतरावं लागतं. ढग खाली आले की विमान थांबतं किंवा दुसरीकडे वळवलं जातं. परतीला पुढचं मुंबईचं विमान त्याच संध्याकाळचं घेऊ नका, दुसऱ्या दिवसाचं घ्या.

प्रश्न : ऑगस्टमध्येच रजा मिळते. तिथला पाऊस कोकणासारखा असतो का? (सातारा)

उत्तर : दक्षिण पायथ्याला तसाच, वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त. थिंफू-पारोत त्याच्या पाव भागाच्या आसपास. सातारकरांना हे वेगळं सांगायला नको : महाबळेश्वर भिजतं आणि माण कोरडा राहतो, तोच प्रकार. खरी अडचण फुंत्शोलिंग-थिंफू रस्त्याची. गेदूजवळ दाट धुकं, आणि दरडी कोसळल्या की वाहनं अडकून पडतात. जमलं तर विमानाने जा. गाडीनेच जायचं, तर सकाळी सातलाच निघा, आणि परतीत बागडोगऱ्याहून विमान असेल तर आदली रात्र फुंत्शोलिंगला लागून असलेल्या, भारतातल्या जयगावला काढा.