जुन्या सागवानी खिडक्या: सुरुवात कुठून करायची

जुन्या घराच्या खिडक्या दुरुस्त कराव्यात की बदलाव्यात, असा प्रश्न पडला असेल आणि त्या सागवानी असतील, तर बदलायचा विचार सोडाच. आधी एकच झडप काढा, तीही मागच्या बाजूची. सगळ्या एकदम काढल्या की घर उघडं पडतं आणि हुरूपही संपतो.

- पावसाळ्यात झडप अडकते म्हणून रंधा मारू नका. लाकूड फुगलेलं असतं. उन्हाळ्यात तिथेच फट पडते.
- जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. कोरडं घासू नका. पाणी मारून खरवडा, चांगला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.
- खालच्या आडव्या पट्टीत स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. सहज रुतला तर लाकूड कुजलंय. बहुतेक जण त्यावरच लांबी (पुट्टी) भरून रंग देतात, पैसे वाया! तेवढा तुकडा सुताराकडून बदलून घ्या.

पॉलिश की रंग, ते नंतर बघू.