आटवताना ट्यूब सोडूनही व्याल्यावर दगडी का होते?

फलटणच्या ताईंचा प्रश्न असा: एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय आटवताना, म्हणजे दूध बंद करताना, चारही सडांत अँटिबायोटिकच्या ट्यूब सोडल्या, भाकड काळ नीट गेला, आणि व्याल्यावर तिसऱ्या दिवशी एका सडातून पाण्यासारखं दूध, कास गरम, म्हणजे दगडी (कासेचा दाह). ट्यूब वाया गेली का?

वाया नाही गेली. त्या ट्यूब बहुतेक स्टॅफ-स्ट्रेप (स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस) जंतूंसाठी असतात आणि व्यायच्या सुमारास त्यांचा जोरही ओसरलेला असतो. लक्षणं मात्र ई. कोलाय या शेणातल्या जंतूची वाटतात, आणि तिथे मोठा खेळ लोहाचा आहे.

भाकड कासेत लॅक्टोफेरिन हे प्रथिन साचतं. एरवी दुधात ते लिटरला ०.१ ते ०.३ ग्रॅम, भाकड कासेतल्या स्रावात २० ग्रॅमच्याही वर जातं. ते लोह इतकं घट्ट धरतं की जंतूंची उपासमार होते. ई. कोलायच्या पेशीत फर नावाचं प्रथिन लोह पुरेसं असेपर्यंत डीएनएला चिकटून लोह ओढणारी जनुकं बंद ठेवतं, कारण जादा लोह पेशीलाच घातक. लोह घटलं की फर सुटतं आणि ती जनुकं चालू होतात. पण मिळायला लोह तर हवं! ते व्यायच्या वेळी मिळतं: लॅक्टोफेरिन उतरतं, सायट्रेट चढतं (दुधात लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम). लोह-सायट्रेट आत घ्यायला ई. कोलायकडे फेकए हे खास दार आहे. म्हणून 'ताकदीसाठी' लोहाचं इंजेक्शन या दिवसांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

व्यायच्या आधीचे शेवटचे दोन आठवडे जागा कोरडी ठेवा. ओलं पाचट आणि शेण हेच ई. कोलायचं घर. धार काढल्यावर सड ०.५ ते १ टक्का पोविडोन आयोडीनमध्ये बुडवा आणि पुढ्यात वैरण टाका, म्हणजे गाय अर्धा तास बसणार नाही. पाणीदार दुधासोबत ताप असेल, गाय वैरण खात नसेल, तर डॉक्टरांना लगेच बोलवा. संध्याकाळची वाट बघू नका. अँटिबायोटिकच्या आधी नमुना घ्या: पहिल्या तीन-चार धारा सोडा, सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलने पुसा, निर्जंतुक बाटलीत धार घ्या, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवा.

अहवालात स्टॅफ ऑरियस आला तर गणित वेगळं. तो कासेत बायोफिल्म (जंतूंचा चिकट थर) करतो. वरचा थर अन्न खातो, आतले उपाशी जंतू जेमतेम वाढतात, आणि पेनिसिलिन मारतं ते वाढणाऱ्यांनाच. दूध स्वच्छ दिसलं तरी सीएमटी (दगडी ओळखायची कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) करत राहा, आणि त्या गाईची धार सगळ्यांत शेवटी काढा.