गाळणकागदावर निवाडा सोपवू नकोस

तू यंदाच रसायनशास्त्र घेतले आहेस, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो: खरे द्रावण (ज्यात पदार्थ पूर्ण विरघळतो) आणि कलिल (ज्यात न विरघळलेले अतिसूक्ष्म कण तरंगत राहतात, जसे दूध) यांतला भेद गाळणकागदाने कळत नाही. मिठाचे आयन (विद्युतभारित कण) एक नॅनोमीटरहूनही लहान असतात, तर कलिलाचे कण साधारण 1 ते 1000 नॅनोमीटरचे असले तरी तेही बहुधा त्या कागदातून निसटतात. (माझेही पहिले वर्ष याच चुकीत गेले.) त्यापेक्षा ऊर्ध्वपातित (वाफ करून पुन्हा थंड केलेल्या) पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकून अंधारात बाजूने लेझरचा किरण सोड, त्याची वाट उजळलेली दिसेल, मिठाच्या पाण्यात ती दिसणार नाही. कलिलाचे कण असा प्रकाश विखुरतात, हाच टिंडल परिणाम.

दुसरी कसोटी आपल्या इंदूरला परिचयाची आहे. पावसाळ्यात नर्मदेचे पाणी गढूळ होते, तेव्हा त्यातले अतिसूक्ष्म मातीचे कण ऋणभारामुळे एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटीतले ॲल्युमिनियमचे धनभारित आयन तो भार शमवतात आणि कणांच्या गाठी होऊन त्या तळाशी बसतात. विरघळलेले मीठ मात्र तुरटीला दाद देत नाही. ते वेगळे करायचे, तर पाणी आटवता येते किंवा ऊर्ध्वपातन करता येते.