सध्या काय वाचताय, हे सांगताना

‘छान आहे, नक्की वाचा’ एवढं लिहून थांबू नका. त्यातून कुणालाच काही कळत नाही. पुस्तकाने कुठे पकडलं, कुठे जांभई आली, ते सांगा. अर्ध्यावर असाल तर तसं स्पष्ट म्हणा. पूर्ण झाल्याशिवाय बोलायचंच नाही असा काही नियम नाही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीचं उदाहरण घ्या. ‘ग्रामीण जीवनाचं प्रभावी चित्रण’ हे वाक्य १९५५ला ती आली तेव्हापासून हजारदा लिहून झालं असेल. त्यापेक्षा तो पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा भरवायला जातो, तेव्हा तुम्हाला काय वाटलं? दुष्काळात वाडी ओस पडते, तिथे लेखक रडारड करत नाही, हे आवडलं की कोरडं वाटलं? मला तो कोरडेपणाच त्या कादंबरीचा कणा वाटतो. तुम्ही खुशाल उलट म्हणा, फक्त का ते सांगा.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीने (१९६३) सुरुवात करावी का, असं नवे वाचक हमखास विचारतात. करा, पण तिच्या नायकाचा, पांडुरंग सांगवीकरचा तिरकसपणा काहींना पचत नाही. शंभरेक पानांत सूर जुळला नाही तर बाजूला ठेवा, कुणी फाशी देत नाही. त्याऐवजी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घ्या. १९३९ची, छोटीशी, युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवरची.

शेवट मात्र फोडू नका. जुनं पुस्तकही कुणीतरी पहिल्यांदाच वाचत असतं. आणि ग्रंथालयाची प्रत असेल तर पेन्सिलीने रेघा ओढू नका, चिठ्ठी घाला.