रेघ वाकडी का येते? लेझर शोच्या सॉफ्टवेअरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रोजेक्टर न घेता लेझर शोचं सॉफ्टवेअर शिकता येईल का? कोणतं घ्यावं? (एक वाचक, सांगली)

येईल, आणि सुरुवात तशीच करावी. पहिला महिना पडद्यावरच्या प्रिव्ह्यूवरच काढा. मात्र एक गोष्ट आधी समजून घ्या. कॉम्प्युटर आणि प्रोजेक्टर यांच्यामध्ये डॅक नावाची डबी लागते (कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा प्रोजेक्टरला कळणारा विजेचा सिग्नल ती बनवते), आणि बरीचशी सॉफ्टवेअर ठरावीक डबीलाच बांधलेली असतात. पँगोलिन कंपनीचं क्विकशो त्यांच्याच एफबी३ किंवा एफबी४ या डबीबरोबर येतं. लेझरओएस हे लेझरक्यूब प्रोजेक्टरसाठी आहे. हेलिऑस (यूएसबीवर चालणारा) आणि ईथर ड्रीम (नेटवर्क केबलवर चालणारा) हे डॅक मात्र निरनिराळ्या लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमना चालतात. लिनक्स वापरत असाल आणि थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल, तर ओपनलेझ मोफत आहे आणि त्यात सिम्युलेटरही आहे.

म्हणून आधी सॉफ्टवेअर ठरवा, मग डॅक, आणि प्रोजेक्टर सगळ्यात शेवटी. घेताना मागे २५ पिनांचं इल्डा सॉकेट आहे ना, हे स्वतः पाहा (इल्डा म्हणजे लेझर शोवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, हे सॉकेट तिच्या मानकाचं). नुसतं डीएमएक्स (स्टेजचे दिवे चालवायचा सिग्नल) असलेल्या स्वस्त दिव्यावर सहसा त्यात आधीच भरलेले नमुनेच बदलता येतात, तुम्ही काढलेलं चित्र त्यावर उमटत नाही. इथे फसगत फार होते.

प्रिव्ह्यूत चौकोन नीट दिसतो. भिंतीवर कोपरे गोल होतात आणि दोन आकृत्यांमध्ये शेपटं दिसतात. प्रोजेक्टर खराब आहे का? (एक वाचक, इचलकरंजी)

बहुधा नाही. प्रिव्ह्यूला वजन नसतं, आरशाला असतं. प्रोजेक्टरमध्ये गॅल्व्हो मोटरवर बसवलेले दोन छोटे आरसे किरण आडवा-उभा फिरवतात. सॉफ्टवेअर त्यांना एकामागून एक पॉइंट पाठवतं. चौकोनाचे चारच पॉइंट पाठवले, तर आरसा कोपऱ्यापर्यंत पोहोचायच्या आतच त्याला पुढचा हुकूम येतो आणि तो कोपरा कापून वळतो. प्रत्येक बाजूवर साधारण २५ पॉइंट ठेवा आणि कोपऱ्यावर तोच पॉइंट ५ ते ८ वेळा द्या. एकूण सव्वाशेच्या आसपास पॉइंट होतात आणि कोपरा टोकदार येतो.

दुसरं कारण कोनाचं. खोक्यावर ‘३० केपीपीएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला ३०,००० पॉइंट. पण इल्डाच्या चाचणीत हा आकडा ८ अंशांच्या कोनात मोजतात. तीन मीटरवरच्या भिंतीवर ८ अंश म्हणजे जेमतेम ४२ सेंटिमीटर रुंदी. तुम्ही चित्र ३० अंशांपर्यंत, म्हणजे एक मीटर साठपर्यंत ताणलं, की तेवढ्याच वेळात आरशाला जवळपास चौपट फिरावं लागतं. मग वेग १५-२० केपीपीएसवर आणा. खात्रीसाठी इल्डा टेस्ट पॅटर्न लावा. मधलं वर्तुळ आतल्या चौकोनाच्या चारही बाजूंना आतून नेमकं टेकलं, की त्या कोनासाठी वेग बरोबर आहे. ठरल्या वेगाच्या पुढे जाऊन आरसे तापवू नका. गॅल्व्हो जळतो तो असाच.

आता शेपटं. रंगाचा सिग्नल ताबडतोब पोहोचतो, आरसा मागे राहतो, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये रंग थोडा उशिरा पाठवायची सेटिंग असते (कलर शिफ्ट किंवा कलर डिले). ती लावायला दोन छोट्या आडव्या रेघा मध्ये अंतर सोडून काढा आणि जवळ जाऊन पाहा. रेघेच्या सुरुवातीला शेपूट आणि शेवट तुटका असेल, तर डिले कमी पडतोय. सुरुवात खाल्लेली आणि शेपूट शेवटी असेल, तर जास्त झालाय. एकेक पॉइंटने बदला. ३० केपीपीएसला एक पॉइंट म्हणजे ३३ मायक्रोसेकंद. रेघेची दोन्ही टोकं हुकासारखी वाकलेली दिसत असतील, तर डिलेला हात लावू नका. उडीच्या (म्हणजे किरण बंद ठेवून एका रेघेवरून दुसरीकडे जाण्याच्या) आधी आणि नंतर थांबण्याचे पॉइंट वाढवा.

‘मोरया’ लिहिलं तर अक्षरं दुहेरी रेघेची येतात आणि सगळं लुकलुकतं. (एक वाचक, पनवेल)

साधा फॉन्ट म्हणजे अक्षराची बाह्यरेषा, म्हणून प्रत्येक काना दोन रेघांचा होतो आणि पॉइंट दुप्पट लागतात. शिवाय काही प्रोग्रॅममध्ये देवनागरीची जोडणी मोडते, वेलांटी भलत्याच जागी जाते. टाइप करण्याचा नाद सोडा आणि अक्षर हाताने काढा. इंकस्केप या चित्र काढायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये शब्द फिकट रंगात एका लेयरवर ठेवा, वरच्या लेयरवर पेन टूलने अक्षराच्या मधोमध एकच रेघ ओढा, खालचा लेयर काढून एसव्हीजी जतन करा. तुमचं सॉफ्टवेअर एसव्हीजी घेत नसेल, तर त्याच्याच एडिटरमध्ये हे चित्र मागे ठेवून गिरवा.

खरी गंमत रेघांच्या क्रमात आहे. वहीत आपण अक्षरं काढून शेवटी शिरोरेखा देतो. इथे उलट करा. शिरोरेखा आधी, डावीकडून उजवीकडे एका दमात. ती उजव्या टोकाला संपते, तिथेच ‘या’चा काना आहे, म्हणून अक्षरं उजवीकडून डावीकडे घ्या: काना, ‘य’चा दंड, त्याचं पोट, मग ‘र’, मग ‘मो’चा काना आणि वरची मात्रा, शेवटी ‘म’. एक रेघ खाली उतरली, की पुढची खालून वर चढवा. ‘म’ संपला की किरण शिरोरेखेच्या सुरुवातीशीच पोहोचलेला असतो. नऊ रेघा, नऊ छोट्या उड्या. एका उडीला २० पॉइंट धरले तर १८०.

लुकलुकण्याचा हिशेब सोपा आहे. वेग (३० केपीपीएसला ३०,०००) भागिले फ्रेममधले, म्हणजे चित्राच्या एका फेरीतले, पॉइंट. फ्रेम ७५० पॉइंटांची असेल तर सेकंदाला ४० वेळा, डोळ्याला चालतं. १,५०० झाली की २० वेळा, लुकलुकणारच. म्हणजे उड्या वजा जाता या शब्दाला ५७० पॉइंट उरतात, आणि ते पुरतात.

गाण्यावर बसवलेले क्यू (ठरल्या क्षणी सुरू होणारी चित्रं) अंतऱ्यापर्यंत मागे-पुढे होतात. (एक वाचक, फोंडा)

१२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) ठोका बरोबर अर्ध्या सेकंदाने येतो, पण वाद्यवृंदाने प्रत्यक्ष वाजवलेल्या जुन्या गाण्याची लय तशी बांधलेली नसते. बीपीएमची जाळी सोडा, गाणं ऐकत हाताने मार्कर टाका. शोच्या दिवशी तीच ऑडिओ फाइल वापरा. दुसरीकडून उतरवलेल्या फाइलच्या सुरुवातीची शांतता कमी-जास्त असते.

एक वॅटचा प्रोजेक्टर मंडळाच्या मिरवणुकीत ट्रकवर लावू का? (एक वाचक, नाशिक)

लावू नका. ५०० मिलिवॅटच्या वर म्हणजे वर्ग ४, लेझरचा सगळ्यात धोकादायक वर्ग. चुकून पडलेल्या किरणासाठी, पापणी मिटेपर्यंतच्या पाव सेकंदाला, डोळ्याची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला २.५ मिलिवॅट धरतात. जवळून तुमचा किरण तिच्या कितीतरी पट वर असतो. तुमच्याच शहरात २०२३च्या विसर्जन मिरवणुकीनंतर तरुणांच्या नेत्रपटलाला इजा झाल्याचं नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं होतं. पुण्यासह काही शहरांत पोलिसांनी उत्सवात अशा किरणांवर मनाई आदेशही काढले आहेत. ट्रक हलतो, गच्चीवर माणसं असतात, खिडक्यांच्या काचा किरण परत फेकतात. सॉफ्टवेअरमध्ये आखलेला सुरक्षित पट्टा यातलं काहीच ओळखत नाही.

मंडपाच्या मागच्या भिंतीवर ग्राफिक्स दाखवा. प्रोजेक्टर भक्कम पाइपला बोल्टने आणि सेफ्टी वायरने बांधा. किरण प्रेक्षकांच्या जमिनीपासून किमान ३ मीटर वर राहू द्या (अमेरिकेतला नियम हाच आहे). प्रोजेक्टरच्या तोंडाशी खालच्या बाजूला काळा पत्रा स्क्रूने लावा, म्हणजे सॉफ्टवेअर अडकलं तरी किरण खाली उतरणार नाही. इमर्जन्सी स्टॉपचं बटण इल्डाच्या इंटरलॉकमध्ये (तुटला की किरण बंद होतो, अशा सर्किटमध्ये), म्हणजे ४ आणि १७ नंबरच्या पिनांच्या वाटेत घ्या, आणि शो चालू असेपर्यंत त्या बटणाशी एक माणूस बसवा.